शेड्यूलमधला फॉर्म्युला: प्रत्येक ओळीला एकच प्रश्न

मुंबईत एखाद्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू झाला की त्याच्या शेड्यूलकडे बरेच जण डोळे लावून बसतात. भाड्याच्या घरात राहायला गेलेले सभासद असतात, सोसायटीने नेमलेली पीएमसी (प्रकल्पावर देखरेख ठेवणारी सल्लागार संस्था) असते, बिल्डरचं ऑफिस, कर्ज देणारी बँक आणि साइटवरचा इंजिनीअरही असतो. प्रत्येकाचा प्रश्न निराळा. सभासदांना ताबा कधी मिळणार ते हवं असतं. पीएमसीला कोणती कामं मागे पडली ते हवं असतं. साइट इंजिनीअरला काळजी असते ती पाऊस यायच्या आत काम प्लिंथच्या (जोत्याच्या) वर येतं की नाही याची.

या सगळ्यांची उत्तरं शेड्यूलमध्ये असतात, पण ती शेकडो ओळींमध्ये तारखांच्या रूपात विखुरलेली असतात. मग बहुतेक ऑफिसांत दर आठवड्याला एखादा ज्युनिअर प्लॅनिंग इंजिनीअर त्या ओळी एक्सेलमध्ये उतरवतो, वजाबाक्या करतो, लाल-पिवळा रंग भरतो. पुढच्या आठवड्यात तारखा बदलतात आणि सगळं पहिल्यापासून. हे काम शेड्यूलिंगचं सॉफ्टवेअर स्वतःच करू शकतं. त्यासाठी त्यात स्वतःचा फॉर्म्युला लिहिता यायला हवा, आणि हे कौशल्य प्रत्येक प्लॅनिंग इंजिनीअरकडे असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. इथे मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट (पुढे नुसतं ‘प्रोजेक्ट’) धरून समजावतो. प्राइमव्हेरा या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल शेवटी. फॉर्म्युल्यांमधली नावं सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीतच टाइप करायची असतात, इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

प्रोजेक्टमध्ये प्रत्येक कामाच्या ओळीला नाव, कालावधी, सुरुवात, शेवट असे ठरलेले रकाने असतातच. त्याशिवाय आपल्यासाठी काही रिकामे रकाने राखून ठेवलेले असतात: टेक्स्टचे ३०, नंबरचे २०, फ्लॅगचे (होय-नाही भरायचे) २०, तर डेट, कॉस्ट, ड्युरेशन, स्टार्ट आणि फिनिश यांचे प्रत्येकी १०. प्रोजेक्ट टॅबवरच्या कस्टम फील्ड्समध्ये गेलं की त्यातला एखादा निवडून त्याला आपलं नाव देता येतं आणि फॉर्म्युला लिहिता येतो. ‘नंबर७’ असं न ठेवता ‘विलंब दिवस’ असं नाव द्यावं. सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला नंबर७ म्हणजे काय हे कुठून कळणार?

एक गोष्ट आधीच सांगतो. ज्या रकान्यात कुणी हाताने काही भरलेलं आहे, त्यावर फॉर्म्युला लावला की ते भरलेलं सगळं पुसलं जातं. प्रोजेक्ट तशी सूचना देतं, पण घाईत ‘ओके’ दाबलं जातं. शिवाय फॉर्म्युला लावलेल्या रकान्यात पुढे हाताने काही लिहिता येत नाही. म्हणून नवा फॉर्म्युला नेहमी नव्या, रिकाम्या रकान्यात.

आता मुख्य मुद्दा. एक्सेलची सवय असलेली माणसं इथे अडखळतात ती दोन कारणांनी. पहिलं, प्रोजेक्टमधला फॉर्म्युला फक्त आपल्या ओळीत पाहतो. एक्सेलमध्ये वरच्या ओळीतली तारीख सहज उचलता येते, इथे ती सोय नाही. ‘माझ्या आधीचं काम कधी संपतंय?’ हे फॉर्म्युल्याला विचारता येत नाही, कारण प्रेडिसेसर्सच्या रकान्यात त्या कामाचा फक्त क्रमांक असतो, त्याची तारीख नसते. स्वतःची ओळ आणि अख्ख्या प्रकल्पाच्या काही गोष्टी, जसं स्टेटस डेट (प्रगती ज्या तारखेपर्यंतची धरली आहे ती) किंवा प्रकल्पाचा शेवट, एवढंच त्याला दिसतं. त्यापलीकडचं हवं असेल तर मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहावा लागतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. फॉर्म्युला शेड्यूल हलवत नाही. तो तारखा वाचतो, त्यांचा अर्थ लावतो आणि उत्तर रकान्यात ठेवतो. कस्टम ड्युरेशनच्या रकान्यात तुम्ही कितीही अचूक कालावधी काढलात तरी पाइलिंग एक दिवसही पुढे-मागे होणार नाही. तारखा हलतात त्या कामांमधल्या जोडण्यांनी, कॅलेंडरने, कन्स्ट्रेंटने (तारखेवर घातलेल्या बंधनाने).

म्हणून फॉर्म्युला लिहायला बसण्याआधी प्रश्न साध्या मराठीत एका वाक्यात लिहून पाहावा. ‘या एका कामाच्या ओळीकडे बघून याचं उत्तर देता येईल का?’ येत असेल तर फॉर्म्युला जमेल. येत नसेल तर वेळ वाया घालवू नये.

सगळ्यात साधा प्रश्न घेऊ: हे काम मूळ योजनेपेक्षा किती दिवस मागे आहे? प्रोजेक्टमध्ये फिनिश व्हेरियन्स नावाचा रकाना त्यासाठीच आहे. बेसलाइनचा, म्हणजे जतन करून ठेवलेल्या मूळ योजनेचा, शेवट आणि आत्ताचा शेवट यांतला फरक त्यात असतो. पण तो फॉर्म्युल्यात वापरला की समोर ४८०० सारखा आकडा येतो आणि माणूस गोंधळतो. स्क्रीनवर ‘१० दिवस’ दिसत असलं तरी प्रोजेक्ट कालावधी आतमध्ये मिनिटांत साठवतं. आठ तासांचा दिवस म्हणजे ४८० मिनिटं, दहा दिवस म्हणजे ४८००. त्यामुळे बरेच जण सरळ ४८० ने भागतात. आठ तासांच्या फाइलमध्ये ते चालतं. पण मुंबईतल्या कितीतरी साइटवर दिवस दहा तासांचा धरलेला असतो, तिथे तेच उत्तर चुकतं. म्हणून असं लिहावं:

[फिनिश व्हेरियन्स] / [मिनिट्स पर डे]

मिनिट्स पर डे हा प्रकल्पाच्या ऑप्शन्समधून येणारा आकडा आहे. फाइलमध्ये ‘दिवसाचे तास’ जे ठरवले असतील, त्याप्रमाणे तो बदलतो. इथेही एक खाच आहे. कॅलेंडरमध्ये कामाची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात, मधे तासाभराची सुट्टी, अशी बदलली तरी ऑप्शन्समधला ‘दिवसाचे तास’ हा आकडा आपोआप बदलत नाही. तो आठच राहतो आणि मग एक दिवसाचं काम सव्वा दिवसाचं दिसायला लागतं. दोन्ही जागा जुळवल्याशिवाय कोणत्याही फॉर्म्युल्यावर विश्वास ठेवू नये.

दिवस मोजताना आणखी एक गोष्ट आधी ठरवायला हवी: कामाचे दिवस की कॅलेंडरवरचे? फिनिश व्हेरियन्स कामाचा वेळ मोजतो, रविवार आणि सुट्ट्या त्यात धरत नाही. साइटवरच्या बोलण्यात हेच योग्य, कारण सुतार आणि सळईवाले रविवारी येणारच नसतील तर तो दिवस मोजून काय उपयोग? पण महारेराच्या नोंदणीत दिलेली पूर्णत्वाची तारीख रविवार बघत नाही. तिथे दिवस म्हणजे दिवस. ओसीच्या (भोगवटा दाखल्याच्या) माइलस्टोनला, म्हणजे टप्पा दाखवणाऱ्या ओळीला, ती तारीख डेडलाइन म्हणून लावायची आणि फॉर्म्युला असा:

डेटडिफ("डी", [फिनिश], [डेडलाइन])

उत्तर धन असेल तर तेवढे कॅलेंडर दिवस हाताशी आहेत, ऋण असेल तर तेवढ्या दिवसांची मुदत ओलांडली जाणार आहे. हेच कामाच्या वेळेत हवं असेल तर प्रोजडेटडिफ वापरायचं, ते कॅलेंडरमधला कामाचा वेळ धरून मिनिटं देतं. एकाच बैठकीत एकाने कामाचे दिवस सांगायचे आणि दुसऱ्याने कॅलेंडरचे, मग दोघांनीही आपलंच बरोबर म्हणून भांडायचं, हे फार ठिकाणी होतं. रकान्याच्या नावातच ‘कामाचे’ किंवा ‘कॅलेंडर’ हा शब्द घातला तर तो वाद होत नाही.

वरच्या फॉर्म्युल्यात अजून एक भोक आहे. डेडलाइन फक्त ओसीला दिली आहे, बाकी शेकडो ओळींना नाही. जिथे तारीखच नाही, तिथे प्रोजेक्ट ‘एनए’ दाखवतं, आणि एनए म्हणजे शून्य नव्हे, रिकामी जागाही नव्हे. आतमध्ये तो एक प्रचंड मोठा आकडा असतो. त्याच्याशी वजाबाकी केली की भलतंच काहीतरी समोर येतं. म्हणून आधी तपासायचं:

आयइफ([डेडलाइन] = प्रोजडेटव्हॅल्यू("एनए"), "", डेटडिफ("डी", [फिनिश], [डेडलाइन]))

आयइफ म्हणजे एक्सेलमधलं इफच, फक्त पुढे एक जादा ‘आय’. अट, खरी असेल तर काय, खोटी असेल तर काय, अशी तीन खणांची रचना. इथे उत्तर कधी रिकामं, कधी आकडा, म्हणून हा फॉर्म्युला टेक्स्टच्या रकान्यात ठेवावा. कुणाकडून मिळालेल्या जुन्या फॉर्म्युल्यांत कधीकधी एनए ओळखायला ‘तारीख ५०००० पेक्षा मोठी आहे का’ अशी अट दिसते. तारखा आकड्यांत मोजल्या तर ५०००० म्हणजे २१ नोव्हेंबर २०३६. आज ती युक्ती चालते, पण लांब पल्ल्याच्या प्रकल्पाची एखादी खरी तारीख त्या पलीकडे गेली की फॉर्म्युला तिलाही एनए समजेल. अशी अट दिसली तर बदलून टाकावी.

आता मुंबईचा खास प्रश्न: पाऊस. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच दाखल झाला होता. खोदकाम, बेसमेंटचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचं प्लास्टर, गच्चीचं काम ही कामं पावसात अडकली तर नुसता वेळ जात नाही, कामाचा दर्जाही बिघडतो. म्हणून प्रत्येक बैठकीत विचारायला हवं: उघड्यावरची कोणती कामं पावसाळ्यात चालली आहेत?

प्रश्न दोन भागांचा आहे. काम उघड्यावरचं आहे का, हे सॉफ्टवेअरला आपोआप कळणार नाही, ते माणसानेच सांगायला हवं. त्यासाठी एक फ्लॅग रकाना घेऊन त्याला ‘उघड्यावर’ असं नाव द्यायचं आणि साइट इंजिनीअरसोबत बसून होय-नाही भरून घ्यायचं. हे काम ऑफिसात एकट्याने करू नये. कोणत्या डक्टवर तात्पुरतं शेड टाकणार आहेत, कुठल्या मजल्यावर वरचा स्लॅब पडल्यावर काम सुरू करणार आहेत, हे साइटवरच्या माणसालाच ठाऊक असतं.

दुसरा भाग तारखांचा. बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं ते असं: कामाच्या सुरुवातीचा महिना जून ते सप्टेंबरमध्ये येतो का ते बघायचं. हे अपुरं आहे. एप्रिलमध्ये सुरू होऊन जुलैमध्ये संपणारं खोदकाम यातून निसटतं, आणि नेमकं तेच सर्वांत धोक्याचं. सुरुवात आणि शेवट दोन्ही महिने तपासले तरी मे ते नोव्हेंबर चालणारं काम निसटतं, कारण त्याची दोन्ही टोकं पावसाळ्याच्या बाहेर आहेत. खरी अट फार छोटी आहे: काम पावसाळा संपायच्या आधी सुरू होतंय आणि पावसाळा लागल्यावर संपतंय. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर काम आणि पावसाळा कुठेतरी एकमेकांवर पडलेच आहेत, मग टोकं कुठेही असोत.

आयइफ([उघड्यावर] अँड [स्टार्ट] < डेटसीरियल(२०२६, १०, १) अँड [फिनिश] >= डेटसीरियल(२०२६, ६, १), "पावसात", "")

इथे पावसाळा १ जून ते ३० सप्टेंबर धरला आहे. तरी अट ३० सप्टेंबरची न लिहिता ‘१ ऑक्टोबरच्या आत’ अशी का? डेटसीरियलने दिलेली तारीख रात्री बारापासून मोजली जाते. ३० सप्टेंबरला सकाळी आठला सुरू होणारं काम त्या तारखेच्या ‘नंतरचं’ ठरतं आणि यादीतून गळतं.

तारीख अवतरणचिन्हांत ‘०५/०६/२०२६’ अशी न लिहिता डेटसीरियल वापरण्यामागेही कारण आहे. आपल्याकडे ती ५ जून होते, पण ज्या कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन पद्धतीची आहे तिथे ती ६ मे होते. फाइल आर्किटेक्टच्या ऑफिसात उघडली की पावसाळा एक महिना अलीकडे सरकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. डेटसीरियलमध्ये वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठरलेला असतो.

पुनर्विकासाचं काम तीन-चार वर्षं चालतं, म्हणजे पावसाळेही तीन-चार येतात. २०२६ च्या जागी इयर([स्टार्ट]) आणि इयर([फिनिश]) घालून, दोन्ही वर्षांसाठी तीच अट ‘ऑर’ने जोडली की प्रत्येक काम आपापल्या वर्षाच्या पावसाळ्याशी ताडून बघितलं जातं. या जोडअटीतून निसटेल ते फक्त एखाद्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर सुरू होऊन मधलं अख्खं वर्ष ओलांडणारं काम. माझ्या मते एका ओळीत एवढं लांब काम असूच नये. ते मजल्यांमध्ये, टप्प्यांमध्ये तोडायला हवं.

हा फॉर्म्युला इशारा देतो, पाऊस थांबवत नाही आणि कामही थांबवत नाही. खोदकाम पावसात करायचंच नाही असं ठरलं असेल, तर त्या कामाला वेगळं टास्क कॅलेंडर लावून पावसाळ्याचे दिवस सुट्टीचे करायचे. तेव्हाच तारखा खऱ्या अर्थाने हलतील. फॉर्म्युला कोणत्या कामांवर तसं करायचा विचार करावा, एवढं दाखवतो.

आता रंग. बहुतेक ऑफिसांत पाच दिवस उशीर झाला की पिवळा, दहा दिवस झाला की लाल, असा नियम असतो. मला तो अर्धवट वाटतो. लॉबीच्या ग्रॅनाइटला दहा दिवस उशीर झाला आणि त्याला दोन महिन्यांचा स्लॅक (शेवटची तारीख न हलता रेंगाळायची मुभा) असेल तर आज घाबरण्यासारखं काही नाही. उलट पोडियमच्या स्लॅबला दोनच दिवस उशीर झाला, पण त्याला स्लॅकच नसेल तर अख्ख्या इमारतीची तारीख दोन दिवसांनी पुढे जाते. उशीर किती, यापेक्षा उशीर पचवायला जागा उरली आहे का, हा प्रश्न खरा. नंबरच्या रकान्यात तो असा विचारता येतो:

स्विच([% कम्प्लीट] = १००, ०, [बेसलाइन फिनिश] = प्रोजडेटव्हॅल्यू("एनए"), १, [फिनिश व्हेरियन्स] > ० अँड [टोटल स्लॅक] <= ०, ३, [फिनिश व्हेरियन्स] > ०, २, ट्रू, ०)

स्विचमध्ये अट आणि तिचं उत्तर अशा जोड्या असतात. वरून खाली वाचत पहिली जी अट खरी निघेल तिचं उत्तर मिळतं, पुढच्या अटी खऱ्या असल्या तरी फरक पडत नाही. म्हणून क्रमाला फार महत्त्व आहे. ‘उशीर आहे’ ही साधी अट आधी आणि ‘उशीर आहे आणि स्लॅक नाही’ ही कडक अट नंतर लिहिली, तर ३ कधीच मिळणार नाही. शेवटची ‘ट्रू’ची जोडी बाकी सगळ्यांना सामावून घेते. ती नसेल तर कुठल्याच अटीत न बसणाऱ्या ओळीला उत्तरच उरत नाही.

दुसरी जोडी, बेसलाइन नसलेल्या कामांची, मुद्दाम ठेवली आहे. खोदताना अनपेक्षित खडक लागला, जुनी सांडपाण्याची लाइन सापडली, तर शेड्यूलमध्ये नवी कामं येतात. त्यांना बेसलाइन नसते आणि बेसलाइन नसलेल्या कामाचा फिनिश व्हेरियन्स शून्य येतो. म्हणजे ज्या कामाने सगळं रखडवलं तेच काम ‘वेळेत’ म्हणून हिरवं दिसतं! त्याला वेगळा आकडा दिला की ते निदान डोळ्यांसमोर राहतं.

मग कस्टम फील्ड्सच्याच खिडकीत ग्राफिकल इंडिकेटर्समध्ये (आकड्याऐवजी रंगीत खूण दाखवायची सोय) ० ला हिरवा, १ ला राखाडी, २ ला पिवळा, ३ ला लाल असं सांगायचं. आणि एक जागा न विसरता बघायची: समरी ओळींचं काय? ‘सबस्ट्रक्चर’, ‘पहिला ते सातवा मजला’ अशा मथळ्यांच्या ओळींवर फॉर्म्युला आपोआप चालत नाही. तिथे ‘रोलअप’ (आतल्या ओळींवरून मथळ्याचं उत्तर काढणं) निवडून कमाल घ्यायची. म्हणजे आतलं एकही काम ३ असेल तर वरचा मथळाही ३ होतो आणि व्यवस्थापकाला एका नजरेत कळतं की कुठला भाग उघडून बघायचा. सरासरी चुकूनही घेऊ नये. नऊ हिरव्यांमध्ये एक लाल सरासरीत विरून जातो. टेक्स्टच्या रकान्याला रोलअपची सोय नसते, म्हणूनच वर ‘लाल’, ‘पिवळा’ असे शब्द न लिहिता आकडे वापरले.

महारेराची तारीख ओसीला डेडलाइन म्हणून लावल्याचा इथे आणखी एक फायदा होतो. तारीख चुकण्याची वेळ आली की ओसीपर्यंत येणाऱ्या साखळीतल्या कामांचा टोटल स्लॅक ऋण होतो. त्यातल्या उशीर झालेल्या कामांवर तो लाल रंग आपोआप उमटतो.

मेट्रो, पूल अशा मोठ्या कंत्राटांवर अनेकदा प्राइमव्हेरा वापरलं जातं. तिथे साधारणपणे रकान्यात जिवंत फॉर्म्युला बसत नाही. यूजर डिफाइन्ड फील्ड (आपण बनवलेला रकाना) घ्यायचं आणि ग्लोबल चेंज (अनेक ओळी एकदम बदलणारी सोय) चालवून त्यात उत्तर भरायचं. म्हणजे ते उत्तर शेवटचं ग्लोबल चेंज चालवलं त्या वेळचं असतं, आत्ताचं नव्हे. प्रत्येक अपडेटनंतर ते परत चालवावं लागतं आणि रिपोर्ट छापायच्या आधी ते चालवलं होतं का, हे विचारायची सवय हवी. कालावधी तिथे तासांत साठवले जातात, त्यामुळे भागाकारही वेगळा. ग्लोबल चेंज हे वाचण्यापुरतं मर्यादित नाही, ते खरे कालावधीही बदलू शकतं. बदल कायम करण्याआधी ते काय काय बदलणार याची यादी दाखवतं. ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

नवा फॉर्म्युला खऱ्या फाइलमध्ये जाण्याआधी एका छोट्या चाचणी फाइलमध्ये तपासावा. त्यात मोजक्या ओळी पुरतात: एक वेळेत संपलेलं काम, एक उशिराचं, एक बेसलाइन नसलेलं, एक शून्य दिवसांचा माइलस्टोन, एक मे ते नोव्हेंबर पसरलेलं, एक ३० सप्टेंबरला सकाळी सुरू होणारं, आणि या सगळ्यांवर एक समरी. प्रत्येकाचं उत्तर काय यायला हवं ते आधी कागदावर लिहायचं आणि मग स्क्रीनशी ताडायचं. फाइल पाठवली की फॉर्म्युलेही तिच्याबरोबर जातात. दुसऱ्या प्रकल्पात न्यायचे असतील तर प्रोजेक्टमधल्या ऑर्गनायझर या खिडकीतून कॉपी करता येतात. फक्त फॉर्म्युला ज्या दुसऱ्या रकान्यांवर टेकलेला आहे, जसा आपला ‘उघड्यावर’, तोही सोबत न्यायचा आणि नव्या साइटच्या इंजिनीअरसोबत बसून तो पुन्हा भरून घ्यायचा.